लांब देठाचं पान

पशुपक्षी लिहीत-वाचत असत, तेव्हाची गोष्ट. अरण्याच्या विद्यापीठानं वडाच्या ढोलीत सर्वांसाठी खुलं ज्ञानभांडार काढलं. म्हातारे घुबडशास्त्री त्यात ठेवायला भीतभीत एक पान घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, ‘तांबड्या टोपीची अळंबी विषारी असते.’

दर्जा समितीच्या पोपटानं पान उलटंसुलटं केलं. “देठ मानकापेक्षा लांब आहे. नामंजूर!”

“पण पोपटराव, मजकूर?”

“मजकुराचं मानक अजून ठरायचंय, शास्त्रीबुवा.”

आपलंच चुकलं असेल, असं पुटपुटत शास्त्रीबुवा देठ खुडू लागले. तेवढ्यात समितीचा फराळ आला. तांबड्या टोपीची अळंबी!

“अहो, थांबा! हीच ती!”

“मानकात न बसलेलं आम्ही मानत नाही,” असं म्हणून पोपटानं त्यातली सर्वांत मोठी अळंबी चोचीत धरली.