न्हाणीघराची कडी

धामणकरांच्या न्हाणीघराची कडी तुटली होती, म्हणून आत असणाऱ्याने मोठ्याने गायचं, अशी घरची रीतच पडली. नव्या सुनेला, मृण्मयीला, गाणं येईना. ती बिचारी पाढे म्हणत अंघोळ उरके. सुतार येत, पण सासरे आप्पासाहेब पडले निवृत्त अधिकारी. "तुमच्या आयुष्याचं ध्येय काय?" असं विचारून ते प्रत्येकाला नापास करत.

एके सकाळी आप्पासाहेब आत ताना घेत असताना नवा सुतार आला. मृण्मयी दाराबाहेरून नम्रपणे म्हणाली, "बाबा, सुतार आलाय. मुलाखतीला आत पाठवू?"

तान जागीच थांबली. "अगं, नको! पास आहे तो!"

"पण ध्येय विचारायचं राहिलं ना?"

"कडी बसवणं, हेच त्याचं ध्येय!"

दुसऱ्या दिवशी मृण्मयी कडी लावून निवांत, गप्प न्हाली. बाहेर आप्पासाहेब कुजबुजले, "सूनबाई पाढे विसरली की काय?"