अकरा तुकड्या

"...मग गावकरी बोलत का नाहीत, बुवा?"

मेजर सरंजामे तिसऱ्यांदा विचारत होते. रानातल्या बंडखोरांचा बंदोबस्त करायला येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. चेहऱ्यावर मात्र दहा दिसत होती.

मठाच्या ओसरीवर बाळोबुवा शेंगा सोलत होते. बुवा पूर्वी फौजेत सुभेदार होते. मेजरना पहिलं रान त्यांनीच दाखवलं होतं.

"मोठा तळ मोडला. आठ-आठ जणांच्या अकरा तुकड्या केल्या. गावागणिक एक. तुम्हीच शिकवलंत."

"हं."

वायरलेस खरखरला. चार नंबर, सर्व ठीक. पाच नंबर, सर्व ठीक. दर अर्ध्या तासाला हे अकरा वेळा व्हायचं. नऊ नंबरला गावच्या विहिरीचं पाणी प्यायची परवानगी हवी होती. मेजरनी ती दिली.

"तुकड्या किती म्हणालात?"

"अकरा."

"मला एकच दिसते... लांबवर सांडलेली."

मेजर उत्तर देणार, तोच सात नंबर आला. हवालदार कुळमेथे.

"साहेब, बाई अडली आहे. बाज उचलायला गावात दोनच गडी. आम्ही नेतो. दवाखाना सहा मैल."

"थांबा. वर विचारतो."

वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. तीन तासांत उत्तर आलं, म्हणजे तातडीनेच आलं. तुकडीने गाव सोडू नये.

मेजरनी ते कळवलं. पलीकडे आता शिपाई होता.

"हवालदारसाहेब केव्हाच गेले, साहेब. पोचलेसुद्धा. एक पोरगा सायकलवरून सांगत आला, मुलगी झाली."

"कोणत्या रस्त्याने गेला?"

"शेतातून. गावकऱ्यांनी गावाबाहेरच्या पुलाआधीच बाज वळवली. पुलावरून नको, एवढंच म्हणाले. म्हणून आम्ही दोघं जाऊन पाहून आलो... खाली सुरुंग आहे, साहेब."

मेजर सकाळी त्याच पुलावरून आले होते. परत जायचंही तिथूनच होतं.

मेजरनी वायरलेस खाली ठेवला.

"हुकूम मोडला त्याने," मेजर थकून म्हणाले. "आता मी काय करू, बुवा?"

बुवांनी वायरलेस उचलून त्यांच्या हातात दिला.

"तो परतला की त्याला विचारा, साहेब."