गच्चीवरचं सामायिक ऊन

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तासगावहून मिरजेला न्यावं लागे. त्यासाठी मी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि ती चार्ज करायला सोसायटीच्या गच्चीवर, एका कोपऱ्यात, सोलर पॅनल बसवले. पार्किंगमध्ये वीज जोडून द्यायला अध्यक्ष घोरपडेसाहेबांनी आधीच नकार दिला होता. पॅनल गेले असते तर गाडी जागची हलली नसती.

एप्रिलच्या बैठकीत साहेबांनी टेबलावर हात आपटला. मी दचकले आणि लिहून आणलेलं सगळं विसरले.

"गच्ची सोळा घरांची, म्हणजे तिथलं ऊनही सोळा घरांचं," ते म्हणाले. "ते एकटीच्या गाडीत भरायचं नाही. रविवारपर्यंत पॅनल उतरवा."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने हळूच विचारलं, "साहेब, वहिनींनी आज गच्चीवर कुरडया घातल्यात ना?"

"घातल्यात. त्याचं काय?"

"त्याच उन्हात वाळतायत. तेव्हा आधी त्या सोळा घरांत वाटा. रविवारी पॅनल मी स्वतः उतरवते."

प्रत्येकाचं काही ना काही वर वाळत होतं, कुणाच्या मिरच्या, कुणाचे सांडगे. साहेबांनी तो विषय वहीतून खोडला.

तीन दिवसांनी वहिनी ताटभर कुरडया घेऊन आल्या. "हा तुमचा वाटा," म्हणाल्या आणि हसल्या. आईही हसली. दार लावल्यावर तिने ताट माझ्याकडे सरकवलं. डॉक्टरांनी तिचं मीठ केव्हाच बंद केलं होतं.