हत्तीखान्यातला पहिला मान

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आईने बजावलंय. कारण प्रधानजींच्या घराण्यातले लोक अजून आमच्याच गल्लीत राहतात!

शाळा सुटल्यावर पोरं उनाडतात, म्हणून भैरवराजाने सायंशाळा काढली. दवंडी पिटली, साखर वाटली. शाळा कुठे? नदीपलीकडच्या जुन्या हत्तीखान्यात! होडी दुपारीच बंद. शिकवायला प्रधानजींचा मेहुणा. पाण्यातून कशीबशी पोचलेल्या मुलांना तो हाताची घडी घालून बसवी आणि स्वतः घोरत पडे.

एक दिवस रंगाऱ्याची लेक सगुणा धाकट्या बहिणीला घेऊन दरबारात आली. बहिणीचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"महाराज, आईबाबा दिवेलागणीपर्यंत कामावर. ही काल निळीच्या हौदात पडता पडता वाचली. आमच्या पेठेत चांगली सायंशाळा द्या."

"चांगली? म्हणजे आमची वाईट?" राजा कडाडला. "तिला नावं ठेवणाऱ्याची जीभ हासडीन! वाईट शब्द न काढता ती बदलायला लावून दाखव. नाही जमलं, तर आहे तीही बंद!"

"बोल की आता, पोरी!" प्रधानजी मिशीत हसले.

सगुणाने हात जोडले.

"वाईट कशाला बोलू, महाराज? हत्तीखान्याइतकी ऐसपैस जागा नाही, मेहुण्यांइतके शांत गुरुजी नाहीत! पण आमचंच चुकलं. राज्यातला पहिला आंबा राजवाड्यात येतो, गुळाची पहिली ढेप राजवाड्यात येते. मग इतक्या उत्तम शाळेत पहिला मान युवराजांचा नको? उद्याच पाठवा. होडी नसली म्हणून काय झालं? पाणी कमरेएवढंच आहे!"

"काय? माझं लेकरू त्या घाणेरड्या हत्तीखान्यात?" पडद्याआडून राणीसाहेब ओरडल्या. "त्या झोपाळूच्या हवाली? मुळीच नाही!"

सगुणा हळूच म्हणाली, "महाराज, मी तर कौतुकच केलं. ज्यांनी नावं ठेवली, त्यांची जीभ कधी हासडायची?"

राणीसाहेबांनी पडद्याआड जीभ चावली! मग राजाच खो खो हसत सुटला.

"हरलो, पोरी! उद्यापासून सायंशाळा तुमच्या पेठेत, प्रधानजींच्या दिवाणखान्यात! गुरुजी तू सांगशील ते. आणि युवराजही तिथेच येतील."

"आणि माझा मेहुणा, महाराज?" प्रधानजी रडवेले झाले.

"झोपू दे हत्तीखान्यात. जागा ऐसपैस आहे!"

राजाने धाकटीच्या निळ्या हातांत चांदीच्या बांगड्या घातल्या. प्रधानजींनी मात्र घरी जाऊन बायकोला दिवाणखान्याचं सांगितलं, तेव्हा तिने हातातलं लाटणं... आले गं आई, आले!