अक्काच्या पुठ्ठ्यावरची सातवी गोळी

“...मग तिलाच का म्हणालासा, ‘बरं हाय’?”

वस्ताद बाबालाल रिव्हॉल्व्हरची नळी पुसत होते. पुसतच राहिले.

“दोन वर्सं झाली, वस्ताद. दोन वर्सं मी हितं येतोय. मला कधी म्हणालासा?”

“हं...”

हेच ते ‘हं’. शिवतेज इंगवलेच्या वाट्याला दोन वर्षांत एवढंच आलेलं. गोळी दहाच्या गोलात बसली तरी ‘हं’, पुठ्ठा सोडून मागच्या मातीच्या ढिगात घुसली तरी ‘हं’.

वस्ताद म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. चाळीस वर्षं पोलिसांची हत्यारं दुरुस्त केलेला माणूस. आता माळावरच्या नेमबाजीच्या रेंजवर लायसनवाल्यांना रिव्हॉल्व्हर शिकवायचे. त्यांनी कशाची तारीफ केलेली कुणी ऐकली नव्हती. चहा सोडून.

आणि गेल्या मंगळवारी, चांगल्या सहासात लोकांदेखत, त्यांनी मंगलअक्काचा पुठ्ठा हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि म्हणाले, “बरं हाय.”

त्या दिवसापासनं शिवतेजच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन पण थांबेना.

आता मंगल चौगुले म्हणजे कोण? तर पिठाची गिरणी चालवणारी बाई. पंचेचाळिशीची. केसात पीठ, भुवयांवर पीठ. रेंजवर आली की पोरं म्हणायची, ‘दळण आलं रे!’ अक्का पण हसायची. आणि शिवतेज कोण? तर ज्याच्याकडं नवंकोरं रिव्हॉल्व्हर, चांदीसारखं लखलखीत, मखमलीच्या पेटीत. त्यात बघून भांग पाडता यायचा. तो पाडायचा पण.

पण खरी मिरची वेगळीकडंच झोंबली होती.

अक्काचं ते जुनाट रिव्हॉल्व्हर... ते आधी त्याच्या हातात आलं होतं.

झालं असं होतं. दिवाळीआधी वस्ताद दोघांना घेऊन सांगलीला बंदुकीच्या दुकानात गेले. दोघांनाही घ्यायचं होतं. कपाटाच्या खालच्या फळीवर ते पडलेलं. विलायती, बत्तीस बोरचं, कुठल्या काळातलं कोण जाणे. काळा रंग उडून नळी जुन्या पळीसारखी करडी झालेली. मुठीच्या लाकडावरचे बारीक चौकोन घासून घासून गुळगुळीत. घोडा जिथं अंगठ्यानं ओढायचा, तिथं खड्डाच पडलेला. मुठीखाली कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं, ‘द. ब.’

शिवतेजनं ते मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटात उचललं.

“वस्ताद, ह्याच्यावर भंगारवाला लसणाची एक पाकळी पण द्यायचा न्हाई!”

दुकानदार हसला. दुकानदाराचा नोकर हसला. शिवतेजला लई भारी वाटलं.

वस्तादांनी ते त्याच्या हातातनं घेतलं. रिकामं आहे का बघितलं. नळीमागं पांढरा कागद धरून आत डोकावले. घोडा ओढून गोळ्यांची चकरी चिमटीत धरून हलवून बघितली. हलली नाही. मग कानाशी नेऊन हळूहळू सहा वेळा घोडा ओढला आणि सोडला... जसं आजारी माणसाची छाती तपासावी.

“हं,” म्हणाले, आणि अक्काकडं दिलं.

अक्कानं पण कानाशी नेलं. तिचं तोंड एकदम उजळलं.

“वस्ताद, जातं चांगलं बसल्यालं हाय ओ ह्याचं.”

झालं. तिनं ते घेतलं. शिवतेजनं चकाचक घेतलं, वर त्या ‘द. ब.’वरनं गाडीत बसून घरापर्यंत जोक मारले. द. ब. म्हणजे दळण बांधून. दगड बडवून. अक्का प्रत्येक जोकला हसली.

आता हसायची पाळी कुणाची होती, ते गावाला ठाऊक होतं.

“वस्ताद, खरं बोलू का?” शिवतेज आता पेटलाच होता. “गुण त्या लोखंडाचा हाय. अक्काचा न्हाई. कुणीतरी द. ब. नं पन्नास वर्सं घासून मऊ करून ठेवलंय, आन् ही आयत्या पिठावर रेघोट्या मारतीया.”

“पीठ माझंच हाय की रं, बाळ.”

शिवतेज गर्रकन वळला. मागं अक्का. हातात कापडी पिशवी, भुवया पांढऱ्या.

त्याचे कान लाल झाले. पण इंगवल्याचं पोरगं, माघार कसली घेतंय?

“मग बदला की, अक्का! तुमचं मला, माझं तुम्हाला. सहा-सहा गोळ्या. बघू कोण कुठं पडतंय ते.”

वस्तादांचा पुसायचा हात थांबला. पहिल्यांदाच.

“मंगल?”

“मारू द्या की. रिव्हॉल्व्हर काय झिजतंय व्हय? म्हंजे झिजलेलंच हाय.”

तिनं पिशवीतनं ते काढलं आणि शेजारणीला उलथनं द्यावं तसं त्याच्यापुढं ठेवलं.

“त्याला आवळू नकोस हां. नुस्तं धर. खडखड सगळी आधीच कुणीतरी काढून ठेवलीया.”

पुठ्ठे लागले. पंचवीस मीटरवर दोन नंबरला शिवतेजचा, तीन नंबरला अक्काचा. दोघांनी कानाला आवाजाची झाकणं लावली, सहा-सहा गोळ्या भरल्या. वस्ताद मागं स्टुलावर बसले. डोळे मिटलेत का उघडे, कळत नव्हतं.

शिवतेजनं हात उचलला... आणि चाटच पडला.

मूठ हातात बसली म्हणजे कशी? दुसऱ्यानं सैल करून दिलेल्या पायताणात पाय जावा तशी. अंगठा आपोआप त्या खड्ड्यात गेला. घोडा मागं आला, पाट्यावरनं वरवंटा सरकावा तसा. ना अडकणं, ना कुरकुर. खटका सुटला कधी ते कळलं नाही.

धाड!

नऊ.

त्याला एकदम लहान पोरासारखं हसू आलं. हे असलं असतं होय! ह्याच्यापुढं आपलं चकाचक म्हणजे लग्नातलं घोडं, नुसतं नाचायला. सहाच्या सहा अशाच मारायच्या, आणि मग वस्ताद...

धाड! शेजारी अक्कानं मारली.

शिवतेजनं हळूच मान वळवली. मेजावरच्या दुर्बिणीतनं तिचा पुठ्ठा बघितला. काळ्यात. तीसुद्धा नऊच!

माझ्या रिव्हॉल्व्हरनं?

तिथनं पुढं सगळं बोंबललं. तो एक मारायचा आणि दोनदा तिच्या पुठ्ठ्याकडं बघायचा. तिची दुसरी कुठं बसली? तिसरी? माझं नवं तिच्या हातात एवढं सुतासारखं का चालतंय? मला तर चावतं ते! आपली गोळी कुठं गेली हे बघायला त्याला वेळच नव्हता. चौथी मारली तेव्हा तर दातओठ खात होता.

“तुझं बी ब्येस हाय की रं!” गोळ्यांच्या मधे अक्का मोठ्यानं म्हणाली. “जरा नवं हाय, एवढंच!”

आगीत तेल.

पाचवी. कुठं गेली, देव जाणे.

सहावीला त्यानं हात उचलला, पण डोळे अक्काच्या पुठ्ठ्यावरनं निघेनात. काय बाई आहे... काय बाई आहे ही... अंगठा खड्ड्यात गेला, घोडा मागं आला, आणि खटका असा सुटला की त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळ्याची पापणी पण लवली नाही.

धाड!

...

त्यानं आपला पुठ्ठा बघितला. पाच भोकं.

परत मोजली. पाच.

सहावी कुठं गेली ते त्याला उमगलं, आणि त्यानं दुर्बीण झटकन बाजूला सारली. कारण रेंजची रीत ठरलेली. जो दुसऱ्याच्या पुठ्ठ्यावर गोळी मारील, त्याची ती गोळी बाद, आणि वर महिनाभर सगळ्यांचे पुठ्ठे त्यानंच लावायचे. ही रीत शिवतेजला सगळ्यात जास्त आवडायची. मागच्या पावसाळ्यात एका बिचाऱ्या मास्तरांना त्यानंच धरून दिलं होतं, वर शिट्टी वाजवली होती.

“रिकामी करा,” वस्ताद म्हणाले.

दोन्ही रिव्हॉल्व्हरं उघडून मेजावर ठेवली, आणि तिघं चालत पुठ्ठ्यांपाशी गेले.

वस्तादांनी दोन नंबरकडं नुसतं बघितलं. एक नऊ, बाकीच्या चार सांडलेल्या हरभऱ्यासारख्या.

“हं.”

कुणी मोजलं नाही. शिवतेजची एखादी मातीत जाणं हे काही नवल नव्हतं. तो सुटलाच होता खरं तर.

मग वस्ताद तीन नंबरपाशी थांबले. वाकले. काळ्या गोलाच्या बरोब्बर मधोमध एक भोक होतं. वहीत कंपासचं टोक रुतावं तसं, जिथनं सगळे गोल निघतात तिथंच. वस्तादांनी त्यावर करंगळी ठेवली. बराच वेळ ठेवली.

“बरं हाय,” म्हणाले.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. “गावली म्हणायची एक.”

वारा सुटला होता. पुठ्ठे फडफडत होते.

गप्प बसला असता तर शिवतेजचं काही बिघडत नव्हतं. मारली कुणी, कोण विचारतंय? पण त्याच्या छातीत काहीतरी मांजरासारखं ओरखडायला लागलं. परत तिलाच! माझ्या गोळीचं ‘बरं हाय’ पण तिलाच! महिनाभर पुठ्ठे लावावे लागले तरी चालतील, मास्तरांची शिट्टी ऐकावी लागली तरी चालंल, पण हे न्हाई...

“मोजा की!” तो ओरडलाच.

“आँ?”

“मोजा म्हणतोय! सात हायत!”

अक्का बोट लावून मोजायला लागली. “एक, दोन, तीन... सहा... सात. अगं बया!”

तिनं शिवतेजकडं बघितलं. मग त्याच्या पुठ्ठ्याकडं. मग पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना.

“म्हंजे रं, पठ्ठ्या, तू माझ्या...”

“मधली माझी हाय.”

हसू थांबलं.

वस्तादांची करंगळी अजून तिथंच होती.

“दोन्ही बत्तीसचीच,” ते म्हणाले. “भोकं सारखीच. कशावरनं तुझी?”

शिवतेजनं भोकाकडं बोट केलं. मग मागं घेतलं. खोटं बोलायला त्याला एरवी एवढा वेळ लागत नसे.

“ती सुटली तवा... मला कळलंच न्हाई, वस्ताद.”

वस्तादांनी मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं.

“त्याचीच हाय, वस्ताद,” अक्का हळूच म्हणाली. “मला माझ्या सगळ्या कळल्या हुत्या. न कळता सुटलेलीच अशी मधोमध बसती.”

लांब कुठंतरी टिटवी ओरडत गेली.

“मग आता म्हणा की...” शिवतेजचा आवाज चिरकला. “मला.”

वस्तादांनी करंगळी काढली. तेलकट हात धोतराला पुसला. दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड हळूच दुसरीकडं वळवलं. तिकडं दोन नंबरचा, त्याचा स्वतःचा पुठ्ठा एका चिमट्यावर लोंबकळत वाऱ्यानं हलत होता.

“त्यो बघ. सकाळधरनं तुझी वाट बघाय लागलाय.”