बोरठाणची नांगरलेली वाट

चपला इथंच काढा. पायरीवर नाही, इथं, बांधापाशी. पुढं कोंब आहेत.

आमच्या देवळाला वाट नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर क्रूस आहे, बाजूला घंटा आहे, दार चांगलं रुंद आहे. पण सडकेपासून पायरीपर्यंत जिथं वाट असायला हवी तिथं बाजरी उगवली आहे, मूग आणि हुलगा उगवला आहे. त्यातून पावलांची जी वाकडीतिकडी रेघ गेलेली दिसते, ती यंदाची. गेल्या वर्षी ती पार त्या चिंचेच्या अंगानं होती. इथं फरशी घालून देतो म्हणून पुष्कळ भल्या माणसांनी सांगून पाहिलं. आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी इथं घंटा वाजवतो. आडनाव भांबळ. हे आधी सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत भांबळांचा एक बैल आहे आणि त्याची बाजू मी सोडणार नाही. वाघचौऱ्यांच्या दारात बसलात तर हीच गोष्ट थोडी वेगळी ऐकाल. ती खोटी असते असं नाही, पण आधी माझी ऐका.

बोरठाणात ख्रिस्ती मंडळी नवीच होती, देवळाच्या भिंतीचा पहिला चुनाही अजून उतरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सडकेपासून देवळापर्यंत तेव्हा वाट होती. सरळ, पायांनी घोटलेली, दगडासारखी टणक. वाटेच्या उजवीकडं गेनुजी वाघचौऱ्याचं शेत आणि डावीकडं दावीद भांबळाचं. गेनुजीची धाकटी बहीण सुगंधा दाविदाला दिलेली. म्हणजे तिचं माहेर वाटेच्या त्या अंगाला आणि सासर या अंगाला. सकाळी भाकरी थापताना इथला धूर तिथं दिसायचा.

दोघांकडं एकेकच बैल. गेनुजीचा मोऱ्या, दाविदाचा तांब्या. एका बैलानं नांगर ओढला जात नाही, म्हणून दोघांची सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, दोन्ही बैल एकाच जुवाखाली. असं सांगतात की त्या जोडीला ओरडावं लागत नसे, तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेघेच्या, शेवटाला ती आपसूक वळायची. मेहुण्या-मेहुण्यांचंही तसंच होतं. एकाच्या चिलमीतला विस्तव दुसऱ्याच्या चिलमीत जायचा.

मग त्या वर्षी ज्वारी भरघोस पिकली आणि तिथंच घोटाळा झाला.

कापणीच्या सणाला सगळी मंडळी आपापल्या पिकातलं मूठ-पसा धान्य घेऊन देवळात जायची. कोणी टोपलीत, कोणी पदरात, कोणी फाटक्या पंच्यात. शांतवन नावाचे पाळकसाहेब तेव्हा नुकतेच आले होते. मनाचे फार मऊ आणि प्रार्थना फार लांब करणारे. देवाचे उपकार मानता मानता त्यांना सुचलं की ज्या मुक्या जनावरांनी कष्ट केले त्यांचेही आभार मानावेत. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "आणि हे प्रभू, गेनुजीच्या मोऱ्या बैलाबद्दल आम्ही तुझी स्तुती करतो." त्यांना एवढंच नाव ठाऊक होतं. वाटेनं येताना कोणीतरी त्या बैलाला हाक मारताना त्यांनी ऐकलं होतं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. दावीद भांबळ म्हणाला नाही.

बाहेर आल्यावर दावीद हसत हसतच बोलला, असं म्हणतात. "पाव्हणं, तुमच्या बैलाचं नाव वर पोचलं. आमचा काय नुसता वाऱ्यावर चालत व्हता?"

इथं गेनुजीनं गप्प बसायला हवं होतं. पण पीक चांगलं आलं की माणसाच्या जिभेलाही कणसं फुटतात. तो म्हणाला, "दाजी, कोन वढतो आन् कोन नुसता चालतो, ते देवाला बराबर ठावं असतं."

झालं. सावड मोडली. दाविदानं तांब्याला सोडून आणलं, गेनुजीनं मोऱ्याला. तुम्ही हसता आहात, हसा. पण बैलाचा अपमान हा साधा अपमान नसतो. त्यात मालकाचे कष्ट, त्याचं रान आणि त्याचा बाप, सगळे येतात. माझ्या मते तांब्या उजव्या अंगाला चालायचा आणि तासाचा जड भाग त्याच्याच वाट्याला होता. असो.

उन्हाळी नांगरटीचे दिवस आले. रान तापलं होतं, भेगा पडल्या होत्या, आणि दोघांच्या गोठ्यात एकेक बैल रवंथ करत उभा. दुसऱ्याची जोडी मागावी तर कशाला, घरची सावड असताना, असं लोक विचारणार. म्हणून कोणी मागितली नाही. दोन्ही शेतं तशीच पडून राहिली. शेत एकदा पड राहिलं की पुढचं वर्ष काय खायचं हे कोणाला शिकवावं लागत नाही.

आणि सुगंधेचं माहेर तुटलं. दाविदानं तिला जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. पण ती वाटेकडं निघाली की तो घरात जायचा, आणि गेनुजीच्या दारात पोचावं तर दादा गोठ्याकडं तोंड करून बसलेला. वहिनी पाणी द्यायची आणि रडायची. मग सुगंधेनं जाणं सोडलं. वाट चार पावलांची, पण ती ओलांडायला तिला पाय उचलेना. रविवारी मात्र दोघे पुरुष त्याच वाटेनं देवळात जायचे. एक पुढं, दुसरा पुष्कळ मागं. दोघे एकाच ग्रंथातलं ऐकायचे, प्रभुभोजनाला एकाच पेल्यातलं घ्यायचे आणि तसेच परत यायचे.

ईस्टरआधीच्या, दुःखसहनाच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, ते रुजलं नाही, पाखरांनी खाऊन टाकलं. तुम्हाला माहीत असेल. शहरातल्या माणसाला यात उपमा दिसते. सुगंधा शेतकऱ्याची लेक, तिला यात आपल्या दारापुढची वाट दिसली. तिनं ती कितीदा पाहिली होती. पुढं दादा, मागं धनी, आणि मध्ये पडलेला देवाचा शब्द दोघांच्या टाचांखाली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, बी चांगलं हाय, पेरनाराबी चांगला हाय. पर वाटंवर कसं रुजंल? वाट नांगराया पायजे."

"कुठली वाट?"

"देवळाची."

दाविदाला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. "एका बैलानं?"

"दुसऱ्या अंगाला मी हाय," ती म्हणाली.

पुनरुत्थानाच्या सणाची, ईस्टरची, सकाळ झाली. मंडळी धुतलेली पांढरी कापडं घालून सडकेवर जमू लागली, आणि पाहतात तर वाटेच्या तोंडाशी नांगर उभा. जुवाच्या एका अंगाला तांब्या, दुसऱ्या अंगाला सुगंधाबाई. सणाचं लुगडं कासोट्याला खोचलेलं, खांद्यावर जू. मागं दावीद एका हातानं नांगराची मूठ, रुमणं, धरून, एका हातानं कपाळ धरून. तो तिला विनवत होता, "अगं लोक बघत्यात." ती म्हणत होती, "बघू द्या. देवळाचं काम हाय, चोरीचं न्हाई." तिनं ओढलं. तांब्यानं ओढलं. फाळ वाटेवरून नुसता घसरला आणि पांढरा ओरखडा उठला. पुन्हा ओढलं, पुन्हा ओरखडा.

तेवढ्यात गेनुजी घरच्यांना घेऊन आला. त्यानं जुवाखाली आपली बहीण पाहिली. ज्या बहिणीला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती तिच्या खांद्यावर लाकूड होतं, आणि ज्या जागी ती उभी होती ती जागा त्याच्या बैलाची होती. त्यानं पागोटं सावरलं आणि आल्या पावली माघारी वळला. लोकांना वाटलं, संपलं, आता हा देवळातसुद्धा येत नाही. सुगंधेनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचे डोळे भरून आले, असं सांगतात.

गेनुजी परत आला तेव्हा त्याच्या हातात मोऱ्याचा कासरा होता.

"सुगंधे, बाजूला व्हय," तो म्हणाला. "ही जागा तुजी न्हाई."

मग तो दाविदाकडं वळला. सगळ्या मंडळीसमोर त्यानं मान खाली घातली. "दाजी, देवाला ठावं व्हतं ते खरं. मलाच ठावं न्हवतं. मोऱ्या एकला हाये तवापास्नं माजं रान पडलंय."

दावीद म्हणाला, "माजंबी," आणि रुमण्यावरून हात बाजूला सारून मेहुण्याला जागा करून दिली.

आता बैलांचं ऐका. माणसं रुसली होती, बैलांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोऱ्या जुवाखाली आला तसा तांब्या त्याची मान चाटायला लागला. वाघचौरे म्हणतात की आधी मोऱ्यानं चाटली. तुम्ही माझं धरा.

जोडीनं खांदा दिला आणि फाळ आत गेला. दगडासारखी वाट उकलली, खालून काळी ओली माती वर आली, आणि तिचा वास सगळ्यांना आला. मंडळींनी सणाच्या कापडांनिशी ढेकळं फोडायला घेतली. पाळकसाहेबांनी झगा कमरेला गुंडाळला आणि त्या दिवशीची उपासना तासांमध्ये उभी राहून झाली. प्रार्थनेत त्यांनी या वेळी गावातल्या झाडून सगळ्या बैलांची नावं विचारून विचारून घेतली. ऊन डोक्यावर आलं तरी कोणी कंटाळलं नाही. पायरीपाशी पोचल्यावरच जोडी थांबली. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही शेतांची नांगरट सुरू झाली.

पण नवल पुढंच आहे. पाऊस झाला, आणि त्या नांगरलेल्या वाटेवर कोणी मूठभरही पेरलं नसताना कोंब वर आले. बाजरी, मूग, हुलगा, मटकी, सगळं मिसळून. आधी लोकांना उमजेना. मग एक म्हातारी खाली बसली, पान चोळून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो तर आमचा हुलगा." दर सणाला देवळात धान्य नेताना पदरातून, टोपलीतून, फाटक्या पंच्यातून जे सांडलं होतं, पायांखाली दबलं होतं, ते सगळं तिथंच होतं, म्हणे. पाखरांनाही सगळं सापडलं नव्हतं. शास्त्र जाणणारे म्हणतील, असं होत नाही. म्हणोत बापडे, हुलगा आमचा होता.

पुढच्या रविवारी घंटा झाली, आणि मंडळी सडकेवरच उभी राहिली. देवळाचं दार समोर उघडं, पण मध्ये सगळे कोंब. देवानं राखलेलं पीक तुडवायचं कोणी? पुरुष एकमेकांकडं पाहू लागले. पाळकसाहेब दारातून हात करत होते, त्यांनाही बाहेर येववेना.

तेव्हा गेनुजी म्हणाला, "माज्या भयनीची माह्यारची वाट म्या मोडली व्हती. नवी वाट तिच्या पायानं पडू द्या."

सुगंधाबाईनं चपला काढल्या. लुगडं जरा वर धरलं आणि कोंबांच्या मधली मोकळी माती पाहून पाऊल ठेवलं. मग दुसरं. कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं, एकही कोंब न मोडता ती पायरीपर्यंत गेली. तिच्या पावलात पाऊल टाकून भाऊ गेला, त्याच्या मागून नवरा, आणि मग सगळी मंडळी. उपासना सुटल्यावर ती सासरी गेली नाही. दाविदानंच तिला सांगितलं, जा. भावाच्या चुलीपुढं बसून तिनं वहिनीच्या हातची भाकरी खाल्ली, आणि म्हणे एवढी हसली की वाटेपलीकडं ऐकू आलं.

वाट वर्षभरात पुन्हा टणक होते. होणारच, आम्ही माणसंच आहोत. म्हणून आजही पुनरुत्थानाच्या सकाळी आम्ही ती नांगरतो, आणि ज्या दोन घरांचं त्या वर्षी बिनसलेलं असतं त्यांचा एकेक बैल जुवाला लागतो. पाऊस झाला की आता आम्ही हातानं पेरतो, कारण नवल दर वर्षी मागायचं नसतं. आणि कोंब वर आले की आजही सगळं गाव सडकेवर थांबतं. पाळक थांबतात, पंच थांबतात, मी घंटेची दोरी धरून थांबतो. गावातून लग्न होऊन गेलेली एखादी लेक येते, चपला काढते, आणि ती चालत गेल्याशिवाय बोरठाणात कोणीही देवाच्या दारात जात नाही.

यंदा माझी धाकटी लेक आली होती. पुष्कळ वर्षांनी आली.