देवी डॉक्टर

"बुवा, तुम्ही त्या बाईला सांगणार आहात की नाही?"

मठाच्या ओसरीवर वामन येरझाऱ्या घालत होता. बसायला त्याला फुरसत नव्हती. तालुक्याचा देवी डॉक्टर तो, टोचायच्या सामानाची पेटी खांद्याला आणि डोक्यात सकाळपासूनचा संताप. लहानपणी याच ओसरीवर निरंजनबुवांनी त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. आता स्वारी बुवांनाच शिकवायला आली होती म्हणा ना!

येसूबाईच्या मुलाला देवी आल्या होत्या. त्याची तान्ही बहीण ठमी त्याच खोलीत रांगत होती. तिला आजच्या आज टोचलं तर वाचण्याची आशा होती. पण येसूबाईनं वामनच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं.

"म्हणते कशी, 'देवी पाव्हणी आलीया, सुई लावली तर कोपंल.' अडाणी बाई! पोर हातची जाईल, बुवा. तुमचं ती ऐकते. हुकूम सोडा."

बुवा ओसरीच्या जमिनीकडे बघत होते.

"की तुम्हालाही वाटतं, देवी कोपेल?"

"तू काय टोचतोस, वामन?"

"म्हणजे?... देवी. गाईला येते ती, सौम्य."

"हं. तिच्या दारावर काय होतं?"

"कडुनिंबाचा डहाळा. देवी आलेल्या घरावर असतोच तो."

"आणि तू?"

"मी घाईत होतो. तरातरा आत शिरलो. तशी ती किंचाळली, मला बाहेर ढकललं, आणि..."

बुवा उठले. वामनच्या पुढ्यात खाली बसले आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागले.

"बुवा! हे काय करताय?"

वामननं पाय मागे ओढला. सकाळीच सारवलेल्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या बुटांचे ठसे उमटले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पेटी खाली ठेवली आणि बूट काढले.

"चुकलो, बुवा. देवीच्या घरातही असाच शिरलो. पण ती आता दार उघडायची नाही... तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

"माझ्या तोंडावर नाही लावलं तिनं दार."

"मग मी काय सांगू तिला?"

बुवांनी पेटी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली.

"सांग, थोरल्या देवीला घरी न्यायला तिची धाकटी बहीण आलीय. अनवाणी."